दीपगृह आतून पाहाचं हाये, बाबाच्या गुडघ्याले झेपन असं कोनतं?

दारव्हेकर:
कापूस विकला का बाबाले घेऊन अलिबागकडे जाव म्हनतो. सत्तरी गाठली त्याईनं. समुद्राचं एवढं नाई, पन दीपगृहाचा दिवा आतून पाहाचाच म्हन्ते. जन्मभर विहिरीवरच्या मोटारी बांधल्या, यंत्र दिसलं का हात शिवशिवते. जुनं पाह्यजे, वरतं जाऊ देल्लं पाह्यजे अन् चढ कमी. कोनी गेलं हाये का?

पऱ्हाटीवाला:
जुनं अन् सोपं एकाच जागी भेटत नाई भाऊ. जुनं म्हंजे खांदेरीचं, १८६७ चं, आठकोनी. पन ते बेटावर. थळहून होडी, अन् हलत्या होडीतून धक्क्यावर पाय टाकाचा. गुडघेवाल्याचं काम नोहे ते. तुमी कोर्लईले जा. १९५५ चं हाये, बाबाच्याच जोडीचं. किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राच्या अंगाले. मांगून किल्ल्यावर पायऱ्या जाते, तिकडे पाहूच देऊ नोका त्याईले.

आमी गेल्तो तवा तिथल्या मानसानं दिवा दाखोला. बल्ब पाहून मी हासलोच, एवढासा! सारी करामत भोवतालच्या काचेची. एकाभोवती एक अशा काचेच्या कडा, हरेक कड निराळ्या कोनात घासेल. चहूकडे पांगनारा उजेड वयवून सरळ एका पट्ट्यात समुद्रावर सोडते. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच मानसानं १८२० च्या दशकात काढलेली युक्ती हाये. दिवसा अशा दिव्याले पडदे ओढून ठेवते, कावून का ऊन उलटं आत शिरलं तं आपन लहानपनी भिंगानं कापूस पेटवाचो तसा कारभार!

मूर्तिजापूरची ताई:
दादा, मूर्तिजापूरहून विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी मुंबई. गेटवेहून मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद असते, कापसाच्या दिवसांत काही अडचण नाही. मांडव्याहून अलिबाग, तिथून मुरूडची एसटी कोर्लईवरून जाते. वर सोडायची वेळ मात्र आधी विचारून घ्या, संध्याकाळी थोडाच वेळ असतो.

दारव्हेकर:
धन्यवाद ताई. बाबा बाजूलेच बसले हायेत. इचारते, एवढं जड भिंग फिरते कशावर?

पऱ्हाटीवाला:
जुन्या दिव्याईत पाऱ्यावर तरंगत ठेवत. टनावारी भिंग, पन बोटानं ढकललं तरी फिरे. अन् हरेक दीपगृहाची झपक्याची चाल निराळी, खलाशी तेच मोजून जागा ओयखते. कोर्लईले पारा हाये का बेअरिंग, ते बाबालेच तिथं इचारू द्या. लोकं नुसते फोटो काढून पयते, मोटारीचं इचारनारा आला तं तो मानूस चहा पाजन.