मुंबई टोळाच्या माद्या फेसाविना सुटी अंडी टाकताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गेल्या थंडीत माळावरच्या गवतातून मुंबई टोळ पकडून आणले. हिवाळाभर माद्यांचे अंडाशय दोऱ्यासारखे बारीक असतात, पाऊस तोंडावर आला की भरतात. तेवढ्यासाठी सहा महिने रोज सकाळी ताजं गवत कापून आणून त्यांना जगवलं. आता अंडी आली, पण वाळूत पुरलेला पुंजका एकही नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सुटी पडलेली असतात, पिवळसर, तांदळाच्या लांब दाण्यासारखी. दुपारपर्यंत सुरकुततात.

सरांचं म्हणणं, सहायक ग्रंथी (अंड्यांभोवतीच्या फेसाचा स्राव बनवणाऱ्या) नीट वाढल्या नसतील. परवा एक मादी मेली, ती लगेच उघडून पाहिली. दोन्ही अंडवाहिन्यांच्या पुढच्या टोकाशी वेटोळ्या नळीसारख्या ग्रंथी चांगल्या टपोऱ्या होत्या. सुई लावल्यावर दुधासारखा चिकट स्राव आला. फेस याचाच होतो ना? मग ग्रंथी भरलेल्या असून फेस का नाही?

ट्रेमध्ये नदीची चाळलेली वाळू आहे, 4 सेंटीमीटर. रोज वरून पाणी शिंपडते. माद्या पोट खुपसतात आणि काढून घेतात. सहाच उरल्यात, आणि या टोळाची वर्षाला एकच पिढी. हा पावसाळा हुकला तर प्रकल्प गेला. कुणी टोळ पाळले असतील तर कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद: ताई, ग्रंथी ठणठणीत आहेत, वाळू बदला. मादी टोकाच्या झडपांनी खणत खणत पोट दुपटीहून जास्त लांबवते. 4 सेंटीमीटरवर ट्रेचा तळ लागतो, मग ती माघार घेते. अंडी किती दिवस धरून ठेवणार? शेवटी कुठेही टाकते. बिळात असली की अंड्यांसोबत फेस सोडते आणि वर नुसत्या फेसाचं बूच लावते.

12-15 सेंटीमीटर उंचीचे डबे घ्या. वाळू भाजून गार करा, 100 मिली वाळूला 15 मिली पाणी घालून हाताने कालवा. शिंपडलेलं पाणी खालपर्यंत जात नाही. मुठीत दाबल्यावर लाडू टिकावा, पाणी गळू नये. डबा दाबून काठोकाठ भरा.

धागाकर्ती: खूप आभार! काल चार डबे ठेवले. आज दुपारी एक मादी बराच वेळ पोट वाळूत घालून बसली होती, पिंजऱ्याला हातही लावला नाही. ती उठल्यावर भोकाच्या तोंडाशी पांढरा फेस दिसला! उकरून अंडी मोजू की डबा तसाच ठेवू?

प्रतिसाद: अजिबात उकरू नका. झाकण लावून उबेत ठेवा, वाळू सुकू देऊ नका. मोजणी पिल्लं निघाल्यावर.