ओटीपी सांगितला म्हणजे सही केली का? (जाहिरातीच्या पॅकेजचे कापलेले पैसे)

फ्रिजवाला:
नमस्कार मंडळी. चिंचवडात फ्रिज, वॉशिंग मशिन, एसी रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, मी आणि हाताखाली एक पोरगा, बास. गेल्या वर्षी एका ऑनलाइन जाहिरातवाल्या कंपनीचा (नाव घेत नाही, उगाच नोटीस नको) मुलगा दुकानात आला, म्हणाला काका महिना 2,400 अधिक जीएसटी, सहा महिने घ्या, तुमच्या एरियातले कॉल थेट तुम्हालाच. मी मशिन उघडून बसलो होतो, हात ग्रीसने बरबटलेले. त्याने टॅब तिथेच ड्रमवर टेकवला, डेबिट कार्डाचे आकडे आमच्या पोराने माझ्या पाकिटातून काढून वाचून दाखवले, आणि ओटीपी आला तर तो म्हणाला राहू द्या काका, हात खराब आहेत तुमचे, तुम्ही फक्त सांगा, मी टाकतो. झालं.

कॉल काय आले म्हणाल तर एक नागपूरहून, एक बाई तुमच्याकडे नोकरी आहे का विचारणारी, आणि जे चार-दोन खरे होते त्यांना माझ्याआधी पाच जणांनी फोन केलेला. ठीक आहे, धंद्यात चालतं, सहा महिने झाले की विषय संपला असं मी धरून चाललो. गेल्या आठवड्यात कॉम्प्रेसरवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर खात्यात कमी, पासबुक भरून आणलं तर महिन्याला 2,832 चालूच आहेत आणि शेवटचे तीन महिने तर 4,130. सहा महिन्यांनंतरचे आठ हप्ते धरले तर एकूण 26,550. मेसेज येत होते हो, पण गाडीच्या हप्त्याचाही मेसेज तसाच येतो, कोण उघडून बघतंय.

माझं म्हणणं सरळ आहे. ओटीपी सांगितला म्हणजे सही केली असं होत नाही. ही फसवणूक आहे. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबतपासनीस:
कडू बोलतो, राग मानू नका. ही फसवणूक नाही, हा न वाचलेला करार आहे. माझ्याकडे असे क्लायंट दर मार्चला पिशवीभर कागद घेऊन येतात. आठ महिने पैसे गेले, बँकेचे मेसेज आले, कंपनीने ईमेलवर बिलं पाठवली असणारच. आधी एवढंच सांगा, जीएसटी नंबर आहे का आणि त्या बिलांवरचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेणं) घेतलंत का? घेतलं असेल तर मला माहीतच नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

फ्रिजवाला:
नंबरच नाही साहेब. सगळा कारभार 20 लाखांच्या आत आहे. ते 18 टक्के पण माझ्याच खिशातून गेले.

रंकाळ्यावरचा:
तपासनीस साहेब, तुमचं बरोबर असंल पण माणूस बुडालाय त्याला पोहायचे नियम नका सांगू. माझं चपलांचं दुकान, सोशल मीडियावर जाहिरात टाकायचो, कार्ड तिथंच जोडलेलं. एका रात्री कुणीतरी अकाउंटात घुसलं आणि दीड ते पाचच्या दरम्यान चार वेळा पैसे कापले गेले, जाहिरात कसली तर वजन कमी करायच्या गोळ्यांची आणि ती पण परदेशात दाखवलेली! सकाळी उठून बघतोय तर 38 हजार. पहिलं काम कार्ड ब्लॉक, दुसरं 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तिसरं शाखेत जाऊन लेखी अर्ज आणि पोच. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे, तिसऱ्याच कुणी पैसे उडवले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काही नाही, आणि बँकेनं दहा कामाच्या दिवसांत तात्पुरते पैसे परत टाकायचे. मला आले. फ्रिजवाले दादा, तुम्ही पण असंच करा, उद्याच जावा बँकेत.

काळाकोट:
बँकेत जावं हे बरोबर, पण परिपत्रकाचा आधार चुकतोय. तुमच्या बाबतीत चोर बाहेरचा होता. यांच्या बाबतीत मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, यांच्याच खात्यावरून, यांच्याच कार्डाने, यांच्याच ओटीपीने मंजूर झालाय. शिवाय यांनी कळवलं कधी, आठ महिन्यांनी. सात कामाच्या दिवसांच्या पुढे गेलं की बँक आपापल्या धोरणावर बोट ठेवते. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कोर्टात आहे.

चटणीवाली:
मी नाशिकहून ठेचा, जवसाची चटणी वगैरे ऑनलाइन विकते. सर्चवरच्या जाहिरातीला रोजचे 300 ठेवले होते आणि एका दिवशी 580 गेले, मी घाबरून सगळं बंद केलं. नंतर कळलं की एखाद्या दिवशी दुप्पटीपर्यंत जाऊ शकतं, फक्त महिन्याचा आकडा रोजच्या 30.4 पटीच्या वर बिलात लावत नाहीत. लिहिलेलं असतं म्हणे. असतं हो, पण ज्या पानावर असतं तिथे मी कशाला जाऊ, मी चटणी कुटू का ते वाचू? मग एका आठवड्यात रात्री तीनच्या सुमाराला भराभर क्लिक (दर क्लिकचे पैसे कापतात), ऑर्डर शून्य. तक्रार केली तर 212 रुपयांचं क्रेडिट आलं, कुठले क्लिक खोटे धरले, किती धरले, काही सांगितलं नाही. तराजू त्यांचा, वजनं त्यांची आणि तक्रार घ्यायला बसलेला पण त्यांचाच. फ्रिजवाल्या दादांशी मी शंभर टक्के सहमत आहे.

क्लिकमोज्या:
थोडं अवांतर. हे रडगाणं जुनं आहे. अमेरिकेत आर्कान्सामधल्या एका भेटवस्तूंच्या दुकानाने याच खोट्या क्लिकांवरून गूगलवर दावा लावला होता, 2006 मध्ये 9 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ऐकायला मोठं वाटतं पण त्यातले 3 कोटी वकिलांचे, आणि दुकानदारांना रोख नाही, पुन्हा जाहिरातीचंच क्रेडिट. म्हणजे हॉटेलात माशी निघाली म्हणून पुढच्या जेवणाचं कूपन. ताई, तुमचे 212 त्याच वंशावळीतले.

हिशेबतपासनीस:
तीन वेगळ्या गोष्टींची मिसळ होतेय इथे. रंकाळ्यावरच्यांची चोरी झाली. ताईंचा मोजमापाचा वाद आहे. आणि फ्रिजवाल्यांनी मुदतीशिवायचा मँडेट दिला. तिन्हीला फ्रॉड म्हटलं की मन हलकं होतं, पैसे येत नाहीत. आणि ताई, राग नको, मिरचीचा भाव करताना तुम्ही व्यापाऱ्याचं पोतं तळापर्यंत हात घालून बघता ना? मग इथे का नाही बघितलं?

चटणीवाली:
पोत्यात हात घालता येतो म्हणून बघते! इथे पोतं शिवून आणतात आणि वरून म्हणतात लवकर घ्या, ऑफर आजच संपतेय.

माजी टार्गेटग्रस्त:
बराच वेळ लिहू का नको करत होतो. मी असल्याच एका कंपनीत दोन वर्षं फील्डवर होतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं लागेल असं लिहितो.

महिन्याच्या 28-29 तारखेला मॅनेजर ग्रुपवर दर तासाला विचारतो, किती मँडेट. ऑर्डर किती असं नाही, मँडेट किती. कारण एकदा खात्याला नळ जोडला की मग पाणी येत राहतं. सहा महिन्यांचंच आहे असं सांगा असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण सांगू नका असंही कुणी म्हटलं नाही. दुकानदार कायमचं ऐकलं की उठून जातो, सहा महिने म्हटलं की बसतो, हे आठवड्याभरात आपोआप कळतं. मग शेवटची खुबी म्हणजे वेलकम कॉल. आम्ही आधीच सांगून ठेवायचो, ऑफिसातून फोन येईल, रेकॉर्ड होतो, सगळ्याला हो म्हणा नाहीतर डिस्काउंट जाईल. तिथे ती मुलगी भराभर सगळं बरोबर वाचून दाखवते, ऑटो रिन्युअल, दरवाढ, बंद करायला अमुक दिवस आधी ईमेल, आणि समोरचा हो हो हो करतो. कंपनीचं संरक्षण त्या दोन मिनिटांत आहे.

पण आता दुसरी बाजू. दुकानदारही साधा नसतो. सहा महिने लीड, म्हणजे गिऱ्हाइकांचे कॉल, घ्यायची, धंदा करायचा, आणि पैसे कापले की माझी सहीच नाही म्हणायचं असले शेकड्याने बघितलेत. एका केटररने लग्नाच्या चार ऑर्डरी आमच्याकडून घेतल्या आणि तरी फ्रॉड कंपनी म्हणून रिव्ह्यू टाकला, माझा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. त्यामुळे सगळे दुकानदार बिचारे आणि सगळे सेल्सवाले चोर, हे मला पटत नाही. मुलगा खोटं बोलला असेल, पण त्याच्या वरचा माणूस मात्र खोटं बोलायची गरजच पडणार नाही अशा जागी बसलेला असतो.

फ्रिजवाला:
वेलकम कॉल!! आला होता की. मी वाकडला एका गिऱ्हाइकाकडे शिडीवर चढून एसीचं आउटडोअर युनिट काढत होतो, खाली पोरगा दोरी धरून, आणि ही बाई हिंदीत भराभर काहीतरी, मी हां जी हां जी. म्हणजे तोच सापळा होता होय. आता खरं सांगू का, तिने काय वाचलं ते मला एक शब्दही आठवत नाही.

हिशेबतपासनीस:
हेच तर म्हणत होतो. ते रेकॉर्डिंग तुमच्याच विरोधात वाजवतील.

काळाकोट:
आता निवांत लिहितो.

एक, आज फसवणूक म्हटलं तर दार पोलिसांचं. भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420. त्यात सुरुवातीपासून फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं आणि 26 हजारांसाठी तुमचा अर्ज 'दिवाणी बाब आहे' असा शेरा मारून परत यायची शक्यता दांडगी.

ग्राहक आयोगाचं दार बरं आहे. 5 लाखांच्या आत फी नाही, कंपनीच्या करारात दुसऱ्या शहराचं कोर्ट लिहिलेलं असलं तरी तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. पण एक खाच आहे जी फोनवर सल्ला देणारे सांगत नाहीत. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणजे व्यावसायिक हेतू, आणि व्यावसायिक हेतूवाला ग्राहक नाही. जुन्या 1986 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा दोन्हींना सूट होती. 2019 च्या कायद्याच्या स्पष्टीकरणात वस्तू राहिल्या, सेवा हा शब्द गळला. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे काढणार. लढता येतं, पण सोपं आहे असं मी म्हणणार नाही. 2023 च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या युक्त्यांच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये जे 13 प्रकार दिलेत त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे, तो मुद्दा जरूर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं. खातं रिकामं ठेवून हप्ता बाउन्स करू नका, हा सल्ला चहाच्या टपरीवर सर्रास मिळतो. 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचं कलम 25 वाचा, शिल्लक नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर चेक बाउन्ससारखाच खटला होतो, दोन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. देणं कायदेशीर होतं का हा वाद तिथे घालता येतो, पण घालायला आरोपी म्हणून उभं राहावं लागतं. त्यापेक्षा मँडेट लेखी रद्द करा, बँकेची पोच घ्या, त्याच दिवशी कंपनीला ईमेल, आणि वेलकम कॉलचं पूर्ण रेकॉर्डिंग मागा. त्यात दरवाढ आणि ऑटो रिन्युअल स्पष्ट असेल तर तडजोड करा. नसेल किंवा द्यायला टाळाटाळ केली तर तुमची बाजू एकदम जड होते.

रंकाळ्यावरचा:
पण वकील साहेब, पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज आला पाहिजे असा नियम हाय ना?

काळाकोट:
तो कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरच्या आवर्ती पेमेंटचा, 2021 पासूनचा. यांचं नॅच आहे, म्हणजे बँकांची हप्ते कापायची यंत्रणा, थेट खात्यातून. कार्ड फक्त मंजुरीपुरतं वापरलं. इथेच निम्मे लोक घसरतात.

फ्रिजवाला:
काल शाखेत जाऊन आलो. मॅडमनी आधी उद्या या म्हटलं, मग लेखी द्या म्हटल्यावर प्रिंट काढून दिली. फिक्स्ड अमाउंटच्या जागी मॅक्सिमम अमाउंट, पुढे 10,000. किती वेळाने कापायचे तिथे अॅज अँड व्हेन प्रेझेंटेड, म्हणजे मॅडमच म्हणाल्या की ते मागतील तेव्हा. आणि शेवटची तारीख 2043! तेव्हा मी 71 वर्षांचा असेन, फ्रिज राहू द्या, पाण्याची कळशी उचलता आली तरी पुष्कळ. तपासनीस साहेब, मी वाचलं नाही हे कबूल. पण मला बोलताना सहा महिने आणि कागदावर 2043, याला तुम्ही नुसता न वाचलेला करार म्हणता?

हिशेबतपासनीस:
2043 बघून मीही जरा गप्प झालो. तरी पण म्हणेन की तीच प्रिंट तुम्हाला पहिल्या महिन्यात मिळाली असती, मागितली असती तर.

फ्रिजवाला:
मँडेट रद्द झाला, पोच आहे. कंपनीला ईमेल टाकला तर दोन तासांत फोन, सर हम आपको तीन महिना फ्री दे देंगे. पैसे परत म्हटलं की मॅनेजर मीटिंगमध्ये. मग संध्याकाळी ईमेल, अर्धे पैसे परत, पण माझी काही तक्रार नाही असं लिहून द्यायचं.

हिशेबतपासनीस:
घ्या. 13 हजार हातात पडतात. तारखांना दुकान बंद ठेवून जाल त्यात त्याहून जास्त जातील.

चटणीवाली:
नका घेऊ दादा! प्रत्येक जण अर्ध्यावर गप्प बसतो म्हणून तर त्यांना परवडतं हे.

माजी टार्गेटग्रस्त:
अर्धे पहिल्याच दिवशी देतायत म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी राहून गेलंय. अंदाज आहे, पण असे ईमेल मी बघितलेत.

फ्रिजवाला:
तेच माझ्या डोक्यात आलं. मी उत्तर पाठवलंय, आधी रेकॉर्डिंग ऐकवा, अर्ध्याचं मग बघू. पावसाळ्यात तसंही एसीचं काम नसतं, दिवाळीपर्यंत वेळच वेळ आहे माझ्याकडे.