‘कार्डाला आयपी देणे’ की ‘कार्डावर आयपी लावणे’?

सातपूरहून विचारणा

सातपूर आणि अंबड येथील छोट्या कारखान्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत एक माहितीपुस्तिका लिहीत आहे. तिच्यात नेटवर्क कार्डांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देण्याविषयी ‘पहिल्या कार्डाला १९२.१६८.१०.५ आणि दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.१०.६ हा आयपी द्यावा’ असे वाक्य आहे. सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि दोन्ही कार्डे एकाच स्विचला, एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच पोटभागात) जोडलेली आहेत. तपासणीसाठी दुसऱ्या कार्डाची केबल काढली, तेव्हा दुसरा पत्ता क्षणभर गप्प राहिला आणि नंतर पिंगला (‘आहेस का?’ या चाचणी-हाकेला) पुन्हा उत्तर देऊ लागला. पत्ता ज्या कार्डाला दिला त्याची केबलच हातात असेल, तर उत्तर देते कोण? येथे ‘कार्डाला देणे’ हा प्रयोग बरोबर आहे का, आणि ‘सबनेट’ऐवजी ‘उपजाळे’ लिहावे का?

नाशिकरोडहून उत्तर

‘सबनेट’च ठेवावे. ‘उपजाळे’ समजायला कठीण नाही, पण स्विचसमोर उभा असलेला माणूस तो शब्द उच्चारणार नाही.

पहिला प्रश्न मात्र खरोखर महत्त्वाचा आहे, कारण ‘ला’ या प्रत्ययातून मालकी सूचित होते आणि लिनक्समध्ये आयपी पत्त्याची मालकी कार्डाकडे नसून संपूर्ण यंत्राकडे असते. ‘हा पत्ता कोणाकडे आहे?’ अशी एआरपीची (आयपी पत्त्यावरून कार्ड शोधण्याच्या पद्धतीची) हाक स्विचवरून सर्व कार्डांपर्यंत पोहोचते, तेव्हा मूळ मांडणीत लिनक्स केवळ एवढेच पाहतो की तो पत्ता आपल्या यंत्रावर कोठे तरी आहे का. असल्यास ज्या कार्डावर हाक ऐकू आली त्याच कार्डावरून उत्तर जाते. पंचवटीतल्या जुन्या वाड्याची दोन दारे एकाच गल्लीत उघडत असावीत आणि कोणाचेही नाव कोणत्याही दारात विचारले तरी ‘येथेच राहतात, या’ असे उत्तर मिळावे, तसा हा प्रकार आहे. आपला पत्ता क्षणभर गप्प राहिला, कारण समोरच्या संगणकाने दुसऱ्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) लक्षात ठेवला होता; ती नोंद शिळी झाल्यावर त्याने पुन्हा हाक दिली आणि पहिल्या कार्डाने ओ दिली.

म्हणून मी सुचवेन : ‘सर्व्हरला दोन पत्ते द्यावेत, पहिला या कार्डावर आणि दुसरा त्या कार्डावर लावावा.’ ‘वर’ म्हटले की जागा कळते, मालकी नाही.

पंचवटीहून पुरवणी

हा भेद जुनाच आहे. ऑक्टोबर १९८९ मधील आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात यंत्राच्या वागणुकीचे दोन नमुने सांगितले आहेत. त्यांना मराठीत ‘काटेकोर’ (पत्ता ज्या कार्डावर आहे त्याच कार्डावर चालतो) आणि ‘सैल’ (यंत्राचा कोणताही पत्ता कोणत्याही कार्डावर चालतो) म्हणता येईल. (होस्टसाठी, म्हणजे अशा यंत्रासाठी, ‘यजमान’ हा कोशातला शब्द मी टाळतो, नाशकात यजमान म्हटले की रामकुंडावर विधीला बसलेला गृहस्थच डोळ्यांसमोर येतो.) लिनक्स मुळात सैल आहे. विंडोज मात्र व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून मुळातच काटेकोर आहे, त्यामुळे तेथे ‘कार्डाचा पत्ता’ हा प्रयोग बराचसा खरा ठरतो. विंडोजवर शिकलेली मुले लिनक्सवर आली की याच शब्दामुळे गोंधळतात, असे माझे मत आहे.

शिवाय आपल्या वाक्यातून फक्त येणाऱ्या रहदारीचा बोध होतो. जाणाऱ्या रहदारीसाठी रूट टेबलमध्ये (कोणती रहदारी कोणत्या कार्डातून जावी याच्या यादीत) १९२.१६८.१०.०/२४ याच सबनेटच्या दोन ओळी तयार होतात, एकेका कार्डाची एकेक. ज्या ओळीचे मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी ती निवडली जाते, आणि मेट्रिक सारखेच असेल तर सहसा आधी नोंदलेली ओळ चालते. म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर आलेल्या विनंतीचे उत्तरही पहिल्याच कार्डातून बाहेर पडते. ‘दोन कार्डे म्हणजे दुप्पट वेग’ ही समजूत येथेच फसते.

अंबडहून

शब्द बदलून वाचकाचा गैरसमज दूर होईल, पण सर्व्हरची वागणूक बदलणार नाही. ती बदलायची असेल तर पुस्तिकेत पुढील मजकूरही हवा. ‘एआरपी इग्नोर’ या लिनक्सच्या सेटिंगचे मूल्य १ केले की ज्या कार्डावर पत्ता लावला आहे तेच कार्ड त्याच्या हाकेला उत्तर देते. ‘एआरपी अनाउन्स’ या सेटिंगचे मूल्य २ केले की स्वतः हाक देतानाही यंत्र त्या कार्डावरचा योग्य पत्ताच पुढे करते. त्यानंतर प्रत्येक पत्त्यासाठी वेगळे रूट टेबल करून ‘या पत्त्यावरून निघणारी रहदारी या टेबलाने जावी’ असा नियम ‘आयपी रूल’ या आदेशाने घालावा लागतो. हे शेवटचे काम राहिले आणि ‘आरपी फिल्टर’ (परतीची वाट तपासणारी गाळणी) १ वर असला, तर दुसऱ्या कार्डावर आलेली पॅकेट्स काहीही न कळवता टाकून दिली जातात, कारण परतीची वाट पहिल्या कार्डाची दिसते. येथे एक बारकावा आहे : ‘ऑल’चे (सर्व कार्डांसाठीचे) आणि त्या कार्डाचे अशा दोन मूल्यांपैकी मोठे मूल्य लागू होते, त्यामुळे ‘ऑल’ १ असताना एकट्या कार्डावर ० लिहून काहीच साधत नाही.

तरीही मी आधी विचारेन की दोन पत्ते हवेतच कशाला? केबल किंवा कार्ड गेले तरी काम चालू राहावे एवढाच हेतू असेल, तर दोन कार्डांचे बॉन्डिंग करून (ती बांधून एकच कार्ड असल्यासारखी वापरून) त्यावर एकच पत्ता लावावा. अॅक्टिव्ह-बॅकअप (एक कार्ड चालू, दुसरे राखीव) प्रकाराला स्विचमध्ये कोणतीही खास सोय लागत नाही, ८०२.३एडी (दोन्ही कार्डे एकाच वेळी चालवणाऱ्या) प्रकाराला मात्र लागते, आणि त्यातही एका जोडणीची रहदारी एकाच कार्डातून जाते. एकाच सबनेटमध्ये दोन स्वतंत्र पत्ते ठेवण्याला आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या) साठवणुकीचे मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा) हे सयुक्तिक कारण आहे. कारखान्याच्या हिशेबाच्या सर्व्हरला ते सहसा लागू पडत नाही.

सातपूरहून

‘सर्व्हरला देणे, कार्डावर लावणे’ हा प्रयोग स्वीकारतो. बॉन्डिंगचे प्रकरण आधी घेतो आणि दोन पत्त्यांचे त्यानंतर. विंडोजच्या भागात ‘कार्डाचा पत्ता’ हा प्रयोग राहू देतो, मात्र तेथे तळटीप देईन. ‘बॉन्डिंग’साठी ‘जोडबंध’ सुचला होता, परंतु विंडोजवाले त्यालाच ‘टीमिंग’ म्हणतात. तिसरे नाव घालण्यापेक्षा ही दोन्ही प्रचलित नावे शेजारी-शेजारी देतो.