औषधांच्या अ‍ॅपवरचा चॅट-सल्लागार : तुमचे अनुभव लिहा

हेमांगी_ठाणे : काल कपाट आवरताना आईची कॅल्शियमची अर्धी बाटली सापडली आणि सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका अ‍ॅपवरच्या चॅटनं सुचवलेली. वय, गुडघे, बजेट सगळं विचारलं, थायरॉइडची गोळी चालू आहे का हे मात्र नाही. आई दोन्ही सकाळी एकदमच घ्यायची. तीन महिन्यांनी थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला. डॉक्टर म्हणाले, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. नाक्यावरचे मेडिकलवाले काका हे आपणहून सांगायचे हो. तुम्ही विश्वास ठेवता का अशा सल्ल्यावर?

नंदू_कराड : मी ठेवला. बाबांच्या डायपरचं दुकानात चार माणसांत विचारायला तोंड उघडेना. रात्री दोनला चॅटवर विचारलं. टेपनं मोजा म्हणाला, मोजलं, बरोब्बर बसला. त्या रात्री फार आधार वाटला.

सायलीची_आई : नंदूदादा, कंबर मोजायची की खाली? सासरे कुशीवर वळले की गळतंय.

नंदू_कराड : दोन्ही मोजा ताई, जास्त भरेल ते धरा.

गोळीवाली : मी फार्मासिस्ट आहे. 2020च्या टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-ऑनलाइन उपचारांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, यंत्रानं रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषधही लिहून द्यायचं नाही. पण असली कॅल्शियम-व्हिटॅमिनची सप्लिमेंट्स बरीचशी अन्नात मोडतात, तिथे चॅट बिनधास्त बोलतो. तो विचारो न विचारो, चालू गोळ्यांची नावं स्वतःहून टाका. आणि घेण्याआधी माणसाला विचारा, कळकळीनं सांगते.

मिरजकर : बीपी म्हटलं की लगेच कमी सोडियमचं मीठ. आप्पांची किडनी कमजोर, त्या मिठात पोटॅशियम! बहीण नर्स, तिनं कार्टमधून काढायला लावलं.

आत्याबाई६२ : मी 'कंबर धरलीय' लिहिलं तर पोट कमी करायचा पट्टा दाखवला. मराठी येतं म्हणे.

सायलीची_आई : आत्या, गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. हेमांगी, आई बऱ्या आहेत ना आता? माझं माहेर नौपाड्यात, म्हणून विचारते.

हेमांगी_ठाणे : अगं मीही नौपाड्यातलीच! हो, दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आला. आता कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. झाकणावर स्केचपेननं मोठ्ठं 'दुपार' लिहून ठेवलंय, चष्म्याशिवाय दिसेल एवढं.