भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना आधी काय विचारायचं: पगार की दगड?

सेमिनरीहिल्सवाला
आमच्या वाचनालयात विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांशी गप्पांचे तीन कार्यक्रम झाले. समोर अकरावी-बारावीची पोरं. तिन्ही वेळा पहिला प्रश्न एकच, "पॅकेज किती?" आणि मग तासभर परीक्षा, जागा, कट-ऑफ. परवा दहा मिनिटं उरली तेव्हा मॅडमनी पिशवीतून एक करडा दगड काढला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याचा. डायनासोरच्या काळातलं शेण, दगड झालेलं! अशाच दगडांत गवताच्या पानांत तयार होणारे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि २००५ साली ते प्रसिद्ध झालं. तोवर समज असा, की डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतंच. पोरं खुर्च्या सोडून टेबलाभोवती जमली. एकीनं विचारलं, "मॅडम, हे शेण कोणी उघडून बघायचं ठरवलं?" तीन कार्यक्रमांतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तोवर वेळ संपलेली.

माझं स्पष्ट मत आहे, नोकरीची माहिती छापून वाटा. माणूस समोर बसलाय तर त्याच्या कामाबद्दल बोला.

भिवापूरचा
भाऊ, नाही पटत बाप्पा. आमच्याकडे सलग दोन हंगाम मिरची गेली, तेव्हा बाबांनी विचारलं, "दगडं शिकून करशील काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयबीएम म्हणजे इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, खनिजं शोधणारी एमईसीएल, मँगनीजवाली मॉइल, कोळशावाली डब्ल्यूसीएल, सगळ्यांची मुख्यालयं नागपुरात. जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, त्याचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. तरी यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेला एमएस्सी लागते अन् वयाची अट बत्तीसची, हे मला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी कळलं. तेही चहाच्या टपरीवर, एका सीनियरकडून. पत्रक कोण वाचते? पॅकेज विचारणारं पोट्टं हावरट नसते, त्याला घरी उत्तर द्यायचं असते.

विहीर_आणि_बोअर
दोघेही नोकरी एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे ठेवताय. मी भूजलात काम करते. आपल्या नागपूरचा पश्चिम भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर आहे, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस नावाचा खडक. काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात असतं. म्हणून एका शेतात बोअर लागतो आणि बांधापलीकडचा कोरडा जातो. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा जगवायला लोक किती खोल गेलेत, बघा. हा प्रश्न संशोधनाचा आहे आणि पोटाचाही.

आणि मुलींच्या मनातलं कोणी विचारतच नाही: फील्डवर राहायची सोय काय, एकटीनं जावं लागतं का, घरचे कसे तयार झाले. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं सोपी गेली असती.

सेमिनरीहिल्सवाला
ताई, फील्डचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पुढच्या वेळी तो पहिल्या पाचांत. भिवापूरकर, तुमच्या बाबांचा प्रश्न मला हलका वाटत नाही. पण मला भीती आहे ती अशी, की फक्त जागा बघून आलेला पोरगा जागा निघाल्या नाहीत की दुसऱ्याच वर्षी सोडून जातो. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते नागपुरात आले मिशनरी म्हणून. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडल्या, तेव्हा त्यांच्यापुढे कोणतीही परीक्षा नव्हती.

भिवापूरचा
हिस्लॉपसाहेबांच्या घरी मिरची नव्हती भाऊ. सोडून जाणाऱ्यांचं म्हणाल तर माझ्या वर्गातले तिघं गेले. दगड आवडत नव्हते म्हणून नाही, खोलीचं भाडं थकलं म्हणून. मी अजूनही म्हणतो, पगार आधी.

विहीर_आणि_बोअर
मग असं करा. पुढच्या कार्यक्रमाला आईबापांनाही बोलावा. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी खोदताना निघालेला चुरा पिशवीत आणावा, किती फुटांवरचा ते लिहून. प्राध्यापक तो बघून काय सांगतात ते सगळ्यांसमोर होऊ दे.

भिवापूरचा
हे जमते. आमच्या बोअरचा चुरा गोठ्याजवळ पडून आहे. बाबांना घेऊन येतो. पण सांगून ठेवतो, पहिला प्रश्न ते पगाराचाच विचारतील.