ट्रेनिंगची खरी गरज ओळखायची कशी? फॉर्मवर सगळेच कम्युनिकेशन स्किल लिहायलेत

वाळूज_एचआर
नमस्कार मंडळी. वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत एचआर बघते, सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि थोडं असेंब्लीचं काम आहे. ट्रेनिंग कॅलेंडर बनवायचंय आणि आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचं, ऑडिट पण जवळ आलंय. फॉर्म वाटले तर सुपरवायझर लोकांनी मागच्या वर्षीचंच उतरवून दिलं, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), सेफ्टी, कम्युनिकेशन स्किल, टाइम मॅनेजमेंट. इकडं सेकंड शिफ्टला बोअर (पार्टमधलं भोक) ओव्हरसाइज होऊन रिजेक्शन वाढायलंय, त्याबद्दल एकाही फॉर्ममध्ये ओळ नाही. निम्मी पोरं पैठण, गंगापूरकडून येणारी, कंत्राटावरची, विचारलं की "येतंय की मॅडम सगळं" म्हणतात. नुसता कागद नकोय मला, कुणाला काय शिकवायची गरज आहे ते खरंच कळायला पाहिजे.

शेंद्रा_क्वालिटी
मॅडम फॉर्म आधी बाजूला ठेवा. रिजेक्शन रजिस्टर, कस्टमर कंप्लेंट, ब्रेकडाउनची नोंद, निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात), हे सगळं घेऊन बसा अन् मशीनप्रमाणं, शिफ्टप्रमाणं लावा. तोच दोष तिन्ही शिफ्टला येत असंल तर ऑपरेटरला शिकवून काय होणार, इन्सर्ट (कापायची टीप), ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग), फिक्स्चर (पार्ट धरायची पकड) बघावं लागंल. एकाच शिफ्टला असंल तर त्या मशीनपाशी जाऊन उभं राहा, पोराला सांगूनच, नाहीतर बिचकतंय ते. आमच्याकडं बोअरचंच होतं. पोरगं बोअर गेज नीट हलवून रीडिंग घ्यायचं, पण शिफ्ट चालू करताना मास्टर रिंगवर (ठरलेल्या अचूक मापाची रिंग) गेजचा झीरो लावतच नव्हतं, आधीच्या शिफ्टच्या झीरोवर काम चालू. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं ते, अन् मास्टर रिंग कपाटात, चावी जनरल शिफ्टवाल्याकडं. म्हणजे शिकवून निम्मंच भागलं असतं.

जालना_मिल
वरचा चावीचा मुद्दा लई महत्त्वाचा. रॉबर्ट मेगर म्हणून अमेरिकेतले ट्रेनिंगवाले होते, त्यांचा एक प्रश्न मी कायम वापरतो: जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम करू शकंल का? शकत असंल तर त्याला वर्गात बसवू नका, दुसरं काहीतरी अडायलंय, हत्यार नाही, वेळ नाही, नाहीतर टार्गेटच असं की चेक करत बसलं तर नग कमी पडतात. अन् "येतं का" असं विचारूच नका, "करून दाखव" म्हणा. आमच्या फर्नेसवर यूपी-बिहारची माणसं आहेत, सेफ्टी समजली का विचारलं की सगळे मान हलवतात. मग मी स्क्रॅपच्या ढिगापाशीच नेतो, यातलं भट्टीत काय टाकायचं नाही ते काढून दाखव म्हणतो. ओला माल अन् तोंड बंद असलेला डबा जो बाजूला काढतो त्याला कळलंय. जो काढत नाही त्याला त्या दिवशी चार्जिंगला, म्हणजे भट्टीत माल टाकायला, लावत नाही, कारण वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की स्फोटच होतो. तिथं कॅलेंडरची वाट बघून चालत नाही.

शेंद्रा_क्वालिटी
ऑडिटचं राहिलं. आयएटीएफ १६९४९ मध्ये ७.२.१ ला ट्रेनिंगची गरज ओळखायची लेखी पद्धत मागितली आहे, अन् ७.२.२ च्या ऑन द जॉब ट्रेनिंगमध्ये कंत्राटी माणसं पण येतात, तुमच्या पोरांना वगळता येणार नाही. ट्रेनिंगनंतर फरक पडला का ते पण दाखवावं लागतं, नुसत्या हजेरीच्या सह्या चालत नाहीत. बोअरचं रिजेक्शन आधी अन् नंतर, हाच पुरावा ठेवा. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा नंबर देऊन केलेला तक्ता, आहे ना तुमच्याकडं?

वाळूज_एचआर
आहे हो, पण सुपरवायझर सगळ्यांनाच तीन नंबर देतात, म्हणजे एकट्यानं काम करू शकतो असं. कमी दिला तर माणूस काढतील का काय अशी भीती आहे सगळ्यांना, आणि कंत्राटी पोरांच्या बाबतीत ती खोटी पण नाही.

जालना_मिल
मग आधी मॅनेजमेंटकडून लेखी घ्या की मॅट्रिक्सच्या नंबरवरून कुणाला काढणार नाही अन् पगाराला हात लावणार नाही, अन् ते फलकावर लावा. नंबर पण सुपरवायझरनं एकट्यानं द्यायचा नाही, क्वालिटीवाला सोबत पाहिजे, मशीनवर करून दाखवल्यावरच. सेकंड शिफ्टच्या बोअरवाल्या मशीनपासून चालू करा, सगळा प्लांट एकदम धरू नका.