शब्दचर्चा: ‘शाईचित्र’ की ‘ताम्रपट’?

प्रश्न: चीनमधल्या चेंगदेच्या उन्हाळी राजवाड्याच्या चित्रांखाली ओळी लिहितोय. सम्राट कांगशीच्या हुकमावरून इटालियन धर्मगुरू मात्तेओ रिपा यांनी १७१३ च्या सुमारास केलेली ३६ दृश्यं आहेत. मी ‘ताम्रपट’ लिहिलं, संपादक म्हणतात ‘शाईचित्रे’ करा.

— ‘ताम्रपट’ नकोच! वाचकाला वाटेल राष्ट्रकूटांनी कुणाला गाव इनाम दिलं. ताम्रपटात तांब्याचा पत्रा हाच दस्तऐवज असतो, इथे हाती येतो तो कागद. पत्र्यावर कोरलेल्या खाचांत तेलातली घट्ट शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद दाबायचा. ‘शाईचित्र’ म्हटलं की थेट कागदावर काढलेलं वाटतं. मी तर सरळ ‘तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं’ लिहीन. लांबलं तर लांबलं.

— शाईवरून आठवलं. मूळ फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा. मग ‘लाल शाई’ म्हणजे काय, लाल काळं? चिनी चित्रकाराची शाई तर कांडीच्या रूपात असते, काजळी आणि सरस मळून केलेली. आपण सहाणेवर गंध उगाळतो तशी दगडावर पाणी घालून उगाळायची.

प्रश्नकर्ता: पटलं. पण डोंगरांवरच्या त्या रेघांना ‘छायांकन’ म्हणू का?

— छायांकन आता सिनेमावाल्यांनी नेलं. ‘छायाप्रकाश’ घ्या, किंवा ‘आडव्यातिडव्या रेघांची सावली’. शक्य असेल तर ओळीत एवढं घालाच: याच दृश्यांच्या चिनी लाकडी ठशांत आकाश म्हणजे कोरा कागद. रिपांनी मांडणी बहुतेक तीच ठेवली, पण आकाशात ढग भरले आणि सावल्या टाकल्या. ‘युरोपीय पद्धत’ म्हणतात ती इथे दिसते. नुसतं ‘युरोपीय शैली’ लिहून वाचकाला काय कळणार?

— आणि ‘महाल’ लिहू नका हो. महाल म्हटलं की घुमट आणि कमानी दिसायला लागतात. इथे उतरती कौलारू छपरं आणि एकामागे एक चौक. आपला ‘वाडा’ जवळचा. त्या जागेच्या चिनी नावाचा अर्थही ‘उन्हाळा टाळायचा डोंगरातला वाडा’ असाच काहीसा होतो.

प्रश्नकर्ता: ‘चेंगदेचा उन्हाळी वाडा, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र.’ संपादकांना पाठवलं. ‘छापलेलं’ खटकतंय म्हणाले.